विधानसभा मतदारसंघाचा इतिहास कसा लिहावा : सांगोल्याचे उदाहरण घेऊन

मतदारसंघाचा इतिहास लिहायला बसणारे बहुतेक जण आमदारांच्या यादीपासून सुरुवात करतात. ती यादी खरे तर शेवटी करायची असते. आधी ठरवावे लागते की या नावाखाली कोणती गावे येत होती आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत. पाटी तीच राहते, आतली गावे बदलतात, आणि मग १९६२ च्या मताधिक्याची तुलना २०१९ शी करणारा लेख निम्म्याहून अधिक चुकतो. इथे सोलापूर जिल्ह्यातला सांगोला उदाहरणाला घेतला आहे. तिथून अकरा वेळा आमदार झालेल्या गणपतराव देशमुखांमुळे तो राज्याला ठाऊक आहे, आणि नवख्याला पाडणारे बरेचसे खड्डे त्याच्या इतिहासात एकत्र सापडतात.

पहिले काम : कालखंड पाडणे

एक कोरी वही किंवा स्प्रेडशीट घ्या आणि महाराष्ट्रातल्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेप्रमाणे तिचे भाग पाडा. १ मे १९६० नंतरची पहिली निवडणूक १९६२ ची, जागा २६४. १९६१ च्या जनगणनेवर झालेल्या पुनर्रचनेनंतर जागा २७० झाल्या. त्या रचनेवर १९६७ आणि १९७२ अशा दोनच निवडणुका झाल्या. मग १९७१ च्या जनगणनेवरचा १९७६ चा आदेश आला आणि जागा २८८ झाल्या. ही रचना सर्वांत दीर्घ चालली : १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९ आणि २००४. आजची रचना २००१ च्या जनगणनेवरची, २००८ च्या आदेशाची. तिच्यावर २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ च्या निवडणुका झाल्या. २००८ मध्ये एकूण जागा २८८ च राहिल्या, म्हणून ‘काही बदलले नाही’ असा समज होतो. आत मात्र बरेच बदलले.

जुन्या मजकुरात कधीकधी २८९ सदस्य असा आकडा दिसतो. तो राज्यपाल-नियुक्त अँग्लो-इंडियन सदस्य धरून आहे. ही तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली.

१९६० च्या मागे जायचे तर आपला जिल्हा तेव्हा कुठे होता ते आधी पाहा. सोलापूर मुंबई राज्यात होता, म्हणून १९५२ चे आकडे मुंबई विधानसभेच्या अहवालात मिळतात. नांदेड, बीड, परभणीचे मात्र हैदराबाद विधानसभेत शोधावे लागतात आणि विदर्भाचे मध्य प्रदेशच्या. मराठवाड्यातल्या कार्यकर्त्याने मुंबई राज्याचा १९५२ चा अहवाल उघडून ‘आमचा तालुकाच नाही’ म्हणणे नेहमीचेच आहे. १९५७ मध्ये हे सगळे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, तेव्हा सभागृह ३९६ जणांचे होते.

१९५२ आणि १९५७ ला आणखी एक अडचण आहे : द्विसदस्यीय मतदारसंघ. एकाच मतदारसंघातून दोन आमदार निवडून येत, त्यातली एक जागा राखीव असे, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते असत. दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. अशा ठिकाणी पडलेल्या मतांना मतदारसंख्येने भागले तर मतदान शंभर टक्क्यांच्या वरही जाऊ शकते. तिथे टक्केवारी काढूच नका. ‘पडलेली मते’ एवढाच आकडा द्या आणि शेजारी ‘द्विसदस्यीय’ लिहा. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली.

दुसरे काम : गावांची यादी

पुनर्रचनेच्या आदेशात मतदारसंघाची व्याप्ती तालुका, महसूल मंडळ, कधी तलाठी सजा आणि नगरपालिका या भाषेत लिहिलेली असते. सांगोला मतदारसंघात आज संपूर्ण सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातले भाळवणी महसूल मंडळ आहे. म्हणजे भाळवणीचा मतदार तालुक्याने पंढरपूरचा आणि आमदाराने सांगोल्याचा. पंढरपूर तालुका तर पंढरपूर, माढा, मोहोळ आणि सांगोला अशा चार मतदारसंघांत विभागला आहे. अशा तालुक्याचा इतिहास ‘तालुक्याचे आमदार’ या शीर्षकाखाली लिहिताच येत नाही.

आदेशातल्या मंडळांवरून गावांची यादी करताना त्या जनगणनेच्या वेळची मंडळे धरावीत. नंतर मंडळे फुटतात, नवी होतात, गावे इकडून तिकडे जातात. शहरी मतदारसंघात हा घोटाळा जास्त होतो, कारण आदेशातले वॉर्ड क्रमांक जनगणनेचे असतात, आजच्या महापालिका प्रभागांचे नसतात. प्रभाग क्रमांक जुळला म्हणून वस्तीही तीच असे समजू नका. पडताळा घ्यायचा तर त्या निवडणुकीची मतदान केंद्रांची यादी काढून गावोगाव जुळवा.

मतदारसंघाचा क्रमांकही कालखंडाप्रमाणे बदलतो. १९७६ च्या रचनेत क्रमांक सावंतवाडीपासून सुरू होत, २००८ च्या रचनेत नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्यापासून. सांगोला आज २५३ आहे. शेजारी २५२ पंढरपूर, २५४ माळशिरस. जुन्या अहवालात २५३ शोधलात तर दुसराच मतदारसंघ हाती येईल. नावाने शोधा, तेही सांगोला आणि सांगोले अशा दोन्ही रूपांनी.

आरक्षण कुठे आले आणि कुठे गेले याचा रकाना याच टप्प्यावर भरा. त्याशिवाय राजकारणाचा अर्थ लागत नाही. २००८ मध्ये माळशिरस अनुसूचित जातींसाठी राखीव झाला, म्हणून तिथले अनेक वर्षांचे आमदार, अकलूजचे विजयसिंह मोहिते-पाटील २००९ ला पंढरपुरातून उभे राहिले आणि भारत भालके यांच्याकडून हरले. आरक्षणाची नोंद नसेल तर ‘अकलूजचा नेता पंढरपुरात कशाला आला’ याचे उत्तर वाचकाला मिळणार नाही.

आकडे कुठून घ्यावेत

निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीसाठी संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात आहेत. त्यात दोन तक्ते कामाचे. एकात मतदारसंघाचा गोषवारा असतो : मतदार, मतदान, बाद मते, वैध मते, उमेदवार, अनामत जप्त झालेले, विजेता आणि दुसरा. दुसऱ्यात सर्व उमेदवारांची मते. दोन्ही उतरवा आणि बेरीज करा. सर्व उमेदवारांच्या मतांची बेरीज वैध मतांइतकी यायला हवी. वैध अधिक बाद म्हणजे एकूण मतदान. जुळत नसेल तर आधी आपण उतरवताना चूक केली का पाहा, मग टपाली मते सुटली का पाहा. जुन्या स्कॅनमध्ये ३ आणि ८, १ आणि ७ एकमेकांसारखे दिसतात. बेरीज केल्याशिवाय ही चूक पकडली जात नाही.

अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी केंद्राच्या ‘लोकढाबा’वर १९६२ पासूनचे विधानसभा निकाल तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घेता येतात. वेळ वाचतो. तरी आपल्या एका मतदारसंघापुरते आयोगाच्या मूळ पीडीएफशी ताडून पाहणे हे तासा-दोन तासांचे काम आहे, ते टाळू नये.

केंद्रनिहाय मते हवी असतील तर ‘नमुना २०’, म्हणजे अंतिम निकालपत्रक लागते. अलीकडच्या निवडणुकांचे हे नमुने राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर आहेत. जुन्यांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या निवडणूक शाखेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प चालते, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि प्रतींसाठी साधारण पानाला दोन रुपये. ‘सर्व निवडणुकांची सर्व माहिती’ असे लिहिलेत तर अर्ज परत येणार. त्याऐवजी ‘सांगोला विधानसभा, सन १९९५, अंतिम निकालपत्रक’ असे नेमके मागा. मतपत्रिका मागण्यात अर्थ नाही. त्या ठरावीक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात.

उमेदवारांची मालमत्ता, शिक्षण, गुन्हे यांसाठी प्रतिज्ञापत्रे आहेत, पण ती २००३ नंतरचीच. त्याआधीच्या आमदारांची माहिती विधिमंडळाच्या सदस्य-परिचय पुस्तिकांतून घ्यावी. या पुस्तिकांचा मोठा फायदा म्हणजे नावे मराठीत, वडिलांच्या नावासह, बरोबर मिळतात. आयोगाच्या इंग्रजी अहवालात आडनाव आधी, कधी नाव आधी, आणि स्पेलिंग दर निवडणुकीला वेगळे असते. त्यावरून देवनागरीत उलटे लिहिणाऱ्यांनी सोळंकेंचे साळुंखे केलेले आहेत.

पोटनिवडणूक : यादी इथेच फसते

सार्वत्रिक निवडणुकांच्या अहवालात पोटनिवडणुका नसतात. केवळ त्या अहवालांवरून सांगोल्याची यादी केली तर गणपतराव देशमुखांचे विजय असे येतील : १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. मोजा, दहा होतात. सर्वत्र सांगितला जाणारा आकडा अकरा आहे आणि तो बरोबर आहे. निसटलेला विजय १९७४ च्या पोटनिवडणुकीचा. १९७२ मध्ये त्यांचा काँग्रेसकडून पराभव झाला आणि दोन वर्षांत ते पोटनिवडणुकीतून परत आले.

या एका नोंदीमुळे आणखी दोन लोकप्रिय चुका उघड्या पडतात. ‘सलग अकरा वेळा’ हे चूक आहे, कारण १९७२ आणि १९९५ असे दोन पराभव मध्ये आहेत. ‘१९६२ ते २०१९, म्हणजे ५७ वर्षे आमदार’ हेही चूक. १९६२ ते १९७२ दहा वर्षे, १९७४ ते १९९५ एकवीस, १९९९ ते २०१९ वीस. बेरीज एक्कावन्नच्या आसपास. त्यातही १९८० मध्ये विधानसभा बरखास्त होऊन नवी येईपर्यंतचे काही महिने कोणीच आमदार नव्हते. कार्यकाळ मोजताना प्रत्येक टप्पा वेगळा मोजून बेरीज करायची, पहिल्या आणि शेवटच्या सालाची वजाबाकी करायची नाही.

पोटनिवडणूक झाली का हे शोधायचा सोपा मार्ग असा. प्रत्येक विधानसभेच्या कार्यकाळात त्या जागेवरचा आमदार वारला का, खासदार झाला का, राजीनामा दिला का, अपात्र ठरला का, हे चार प्रश्न विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर पुढच्या सहा महिन्यांतली वृत्तपत्रे चाळा. १९९६ नंतर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घेण्याचे कायद्याने बंधन आहे. मुदत संपायला वर्षापेक्षा कमी उरले असेल तर मात्र ती होत नाही आणि जागा रिकामी राहते. शेजारच्या पंढरपुरात भारत भालके यांच्या निधनानंतर २०२१ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि समाधान आवताडे निवडून आले. २०१९ आणि २०२४ चेच अहवाल पाहणाऱ्याला ती दिसणार नाही.

निवडणूक याचिकेचा निकालही तपासा. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका होऊ शकते आणि निवड रद्द होऊ शकते. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतली रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. अशा आमदाराचे नाव यादीतून काढू नये. नावापुढे ‘निवड रद्द’ आणि साल लिहावे.

गावातल्या फलकांवर ‘माजी आमदार’ लिहिलेले प्रत्येक नाव विधानसभेचे नसते. विधान परिषदेचे सदस्यही आमदारच. स्थानिक स्वराज्य संस्थांचे किंवा राज्यपाल-नियुक्त सदस्य चुकून विधानसभेच्या यादीत शिरतात. त्यांचा वेगळा परिच्छेद करा.

पक्षाचा रकाना

पक्ष आमदाराच्या नावाला चिकटवू नका, निवडणुकीला चिकटवा. भारत भालके २००९ मध्ये स्वाभिमानी पक्षाचे, २०१४ मध्ये काँग्रेसचे आणि २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे आमदार होते. शहाजीबापू पाटील १९९५ मध्ये काँग्रेसचे, २०१९ मध्ये शिवसेनेचे. ‘काय झाडी, काय डोंगार’मुळे २०२२ मध्ये जगभरच्या मराठी माणसांना ते ठाऊक झाले, पण सांगोल्यापुरते ते सत्तावीस वर्षे आधीच मोठे नाव होते : १९९५ मध्ये त्यांनी गणपतरावांना अवघ्या १९२ मतांनी हरवले होते.

‘काँग्रेस’ एवढेच लिहिणे तर १९६९ नंतर चालतच नाही. १९७८ च्या महाराष्ट्रात दोन काँग्रेस एकमेकांविरुद्ध लढल्या : ब्रह्मानंद रेड्डी-यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसला ६९ जागा आणि इंदिरा काँग्रेसला ६२, तर जनता पक्षाला ९९. १९८० मध्ये काँग्रेस (अर्स), १९८५ मध्ये काँग्रेस (समाजवादी), १९८६ च्या अखेरीस शरद पवारांचे स्वगृही पुनरागमन, १९९९ मध्ये राष्ट्रवादी. अहवालातले संक्षेप जसेच्या तसे उतरवा आणि शेजारी मराठीत खुलासा द्या. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समिती म्हणून लढलेले उमेदवार आयोगाच्या तक्त्यात प्रजा समाजवादी, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), कम्युनिस्ट असे आपापल्या पक्षाच्या नावाने येतात. समितीचा उमेदवार कोण हे वृत्तपत्रातूनच कळते. १९८९ पूर्वीचे शिवसेनेचे उमेदवारही असेच ‘अपक्ष’ रकान्यात सापडू शकतात. आणि २०२३-२४ नंतर ‘शिवसेना’ किंवा ‘राष्ट्रवादी’ लिहिताना कोणती, हे दर वेळी लिहावेच लागते.

घराण्यांच्या बाबतीतही सैलपणा नको. सांगोल्यात २०१९ ला शेकापकडून अनिकेत देशमुख उभे होते, २०२४ ला बाबासाहेब देशमुख निवडून आले. दोघेही गणपतरावांचे नातू. ‘देशमुखांनी २०१९ मध्ये जागा गमावली’ असे लिहिले की वाचक तो पराभव गणपतरावांचा समजतो. त्या निवडणुकीत ते स्वतः उभेच नव्हते. तक्त्यात पूर्ण नाव, मजकुरात निदान पहिले नाव.

मते मोजताना

मताधिक्य नुसत्या आकड्यात देऊ नका, वैध मतांच्या टक्केवारीतही द्या. सांगोल्यातले १९९५ चे १९२ आणि २०१९ चे ७६८ हे दोन्ही निसटते निकाल आहेत, पण मधल्या काळात मतदार वाढलेले असल्याने त्यांचे वजन टक्क्यांतूनच कळते. १९९० ला मतदारयादी एकदम फुगलेली दिसेल. मतदानाचे वय २१ वरून १८ झाल्यानंतरची ती पहिली विधानसभा निवडणूक. तिथे ‘लोकसंख्येचा स्फोट’ वगैरे कारणे शोधू नयेत. बाद मतांचा रकाना २००४ पासून जवळजवळ रिकामा होतो, कारण राज्यभर मतदान यंत्रे आली. २०१४ पासून ‘नोटा’ आला. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते लागतात आणि त्या हिशोबात नोटा धरत नाहीत. मात्र उमेदवारांची टक्केवारी काही ठिकाणी नोटासह, काही ठिकाणी नोटाविना दिलेली असते. एक पद्धत ठरवा, तळटीपेत सांगा आणि सगळी टक्केवारी स्वतः काढा.

२००४ आणि २००९ यांच्यामध्ये तक्त्यात जाड रेघ ओढा. तसेच १९७२ आणि १९७८, १९६२ आणि १९६७ यांच्यामध्येही. रेघेच्या अलीकडच्या-पलीकडच्या मतांची थेट तुलना करायची असेल तर केंद्रनिहाय आकड्यांवरून समान गावे काढावी लागतात. ते जमत नसेल तर तुलना सोडून द्यावी.

आमदाराने काय केले

याची उत्तरे सत्काराच्या स्मरणिकांत शोधू नका. विधिमंडळाच्या कार्यवाहीत सदस्याच्या नावाने तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावरची भाषणे मिळतात. वाचताना दोन-तीन विषय धरा आणि तेच वर्षानुवर्षे तपासा. सांगोल्यासाठी पहिला विषय पाणी हाच. टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजना, आटपाडीला भरणाऱ्या तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा, नागनाथअण्णा नायकवडींबरोबरचे गणपतरावांचे काम. दुसरा विषय रोजगार हमी, तिसरा सहकारी सूतगिरणी. प्रश्न कधी विचारला, मंजुरी कधी, पाणी प्रत्यक्ष कधी आले, अशा तीन तारखा शेजारी ठेवल्या की श्रेयाच्या फलकांतली हवा आपोआप निघते. योजनेच्या तारखा जलसंपदा विभागाच्या कागदांवरून घ्याव्यात, भाषणांवरून नव्हे.

वृत्तपत्रांत दर निवडणुकीसाठी तीन खिडक्या पुरतात : अर्ज माघारीनंतरचा आठवडा, मतदानाच्या आधीचे चार दिवस, निकालानंतरचे तीन दिवस. बंडखोर कोण, पाठिंबा कोणाचा, हे पहिल्या खिडकीत सापडते. जिल्ह्याच्या पत्रांना मुंबई-पुण्याच्या पत्रांपेक्षा जास्त तपशील असतो, आणि पक्षपातही जास्त. म्हणून दोन विरुद्ध बाजूंची पत्रे वाचा. जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती शेवटी घ्या, तक्ता समोर ठेवून. त्यांना साल विचारू नका, घटनेची संगत विचारा : ‘तो दुष्काळाच्या आधी का नंतर?’ साल आपण लावायचे.

सध्याच्या गावांची आणि मतदान केंद्रांची यादी आजच उतरवून तारखेसह जपून ठेवा. जागांची फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. ती जनगणना झाली की सीमा पुन्हा हलतील, संकेतस्थळांवरच्या याद्या बदलतील, आणि २००९ ते २०२४ चा कालखंड समजून घ्यायला हीच यादी लागेल.